पायलीवरची शीग

साहेबांच्या खोलीत बाई खुर्चीवर बसत आणि मी उभा असे. खुर्ची मला कोणी नाकारली नव्हती. साहेब दोनतीनदा "बसा हो" म्हणालेही होते. पण मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभाच राही. बाई मात्र पदर सारखा करून बसत, शिपायाने आणलेला चहा बशीत ओतून घेत आणि साहेबांच्या बेरजेतली चूक हसत हसत दाखवून देत. साहेबही हसत. त्या हसण्याचा मला फार राग येई. आपण हसलो असतो तर साहेबांना ते आगाऊपणाचं वाटलं असतं, अशी माझी खात्री होती.

हे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं. मी नगरच्या कॉलेजातून अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालो होतो. आमच्या घरात आधी कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं. हायस्कूलच्या हेडमास्तरांनी माझी फी माफ केली, बोर्डिंगात जागा मिळवून दिली, कॉलेजच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं स्वतःच्या कपाटातून काढून दिली. त्या माणसाचे उपकार मोजायला बसलो तर मला दुसरं काही लिहिता येणार नाही. नोकरी लागल्याचं सांगायला गेलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आता खरं लिहीत जा." मी हो म्हणालो. नोकरी तशीच होती. नगरच्या एका सरकारी ऑफिससाठी बाजारात जायचं आणि भाव लिहून आणायचे.

आम्ही दोघं होतो, बाई आणि मी. दोघांच्याही जागा हंगामी. माझ्याकडे नेवाशाचा आठवडे बाजार, बाईंकडे पारनेरचा. बाजाराच्या दिवशी पहिल्या एसटीने जायचं, बाजरी, ज्वारी, गहू, तूरडाळ, गूळ आणि गोडं तेल यांचे भाव तीन तीन विक्रेत्यांना विचारायचे, छापील फॉर्मात भरायचे आणि कार्बन घालून तीन प्रती करायच्या. हे कागद पुढे पुण्याला जात. कुठल्या तालुक्यात स्वस्त धान्याचं दुकान आधी उघडायचं हे त्यावरून ठरतं, असं साहेब सांगत. ते सांगताना त्यांचा आवाज जरा खाली येई, आणि मलाही आपण काही मोठं काम करतो आहोत असं वाटे.

बाजारात धान्य तेव्हाही पायलीने विकलं जाई. किलो कायद्याने आला होता, पण गोणीमागे बसलेल्या बाईच्या हातात लोखंडी पायलीच असे. म्हणून ऑफिसने आम्हाला एक तक्ता दिला होता. बाजरीची पायली म्हणजे इतके किलो, ज्वारीची इतके. पायलीचा भाव विचारायचा, तक्त्याने भागायचं, किलोचा भाव येई. मला भागाकार आवडायचा. मी तो दशांशाच्या दोन घरांपर्यंत करी आणि खाली लाल शाईने रेघ ओढी.

बाई फक्त मॅट्रिक होत्या. वय माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी जास्त असेल. माहेर-सासर दोन्हीकडे कारकुनी, मास्तरकी, भिक्षुकी. तीन पिढ्या शाई आणि टाक. त्यांच्या बोलण्यात कुठे अडखळणं नव्हतं. मी मात्र साहेबांपुढे तोंड उघडण्याआधी वाक्य मनात एकदा म्हणून बघे, की त्यात 'न्हाई' किंवा 'हुतं' डोकावत तर नाही ना. बाईंचे यजमान एका छापखान्यात जुळारी होते आणि तो छापखाना त्याच वर्षी बंद पडला होता. हे मला माहीत होतं. तरीही मला त्यांची दया आली नाही. ज्या माणसाला साहेबांसमोर बशीतून चहा पिता येतो त्याची दया कशी यावी?

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला. नेवाशाला प्रवरेच्या पात्रात लोक वाळूत खड्डे करून पाणी काढू लागले. रस्त्यांवर खडी फोडायची कामं सुरू झाली. आणि आमच्या फॉर्मांत एक विचित्र गोष्ट दिसू लागली. बाईंच्या बाजारात बाजरीचा किलोचा भाव दर आठवड्याला चढत होता. माझ्या बाजारात तो जवळजवळ जागचा हलत नव्हता.

साहेबांनी दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. "नेवाशाला काय पाऊस पडला की काय?"

"नाही साहेब. मी तीन तीन जणींना विचारलंय. पायलीचा भाव तोच आहे."

"हं," साहेब म्हणाले. मग बाईंचा फॉर्म वर धरून म्हणाले, "ह्यांचे आकडे बघा. दुष्काळ दिसतो ह्यात."

त्या वाक्याने मला झोप लागेना. त्यातच हेडक्लार्कने सांगितलं की मार्चनंतर दोहोंपैकी एकच जागा पुढे चालू राहणार, तीही कायम होणार. दुसऱ्याला घरी जावं लागणार. कोण राहणार हे साहेब लिहितील त्यावर ठरणार होतं. माझ्या घरून शेताचं काही येणार नव्हतं. उलट दोन महिने मीच घरी मनीऑर्डर करत होतो. पण खरं सांगायचं तर मला पैशापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची धास्ती होती. गावात जाऊन "नोकरी सुटली" म्हणायचं, आणि तीही एका मॅट्रिक बाईमुळे.

मग मी ते केलं जे आजही आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. एका दुपारी बाई नव्हत्या तेव्हा मी साहेबांकडे गेलो.

"साहेब, बाईंच्या आकड्यांबद्दल बोलायचं होतं."

"बोला."

"पारनेर आणि नेवासा, दोन्हीकडे दुष्काळ सारखाच. मग भावात एवढा फरक कसा पडेल? काही लोक घरी बसूनही फॉर्म भरतात, असं ऐकतो."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ऐकता, की बघितलंत?"

"ऐकतो."

"मग बघू या," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात अदलाबदल करा. तुम्ही पारनेर, बाई नेवासा."

मी पारनेरला गेलो. तीन जणींना विचारलं, तक्त्याने भागलं. आकडा बाईंच्या मागच्या आठवड्याच्या आकड्यापेक्षा पुष्कळ खाली आला. परतताना एसटीत मी खिडकीशी बसून मनातल्या मनात साहेबांचं वाक्य रचत होतो. "तुमची शंका बरोबर होती" असं ते म्हणणार होते. नगरला उतरल्यावर मी स्वतःला एक प्लेट भजी खाऊ घातली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नेवाशाचा फॉर्म ठेवला. तो माझ्या नेहमीच्या आकड्याच्या पुष्कळ वर होता.

साहेबांनी माझा पारनेरचा फॉर्म त्याच्या शेजारी ओढला. मग म्हणाले, "म्हणजे बाजार बदलला तरी आकडा बदलत नाही. माणूस बदलला की बदलतो. आता दोघं एकत्र जा. नेवाशाला. आणि मला एक आकडा आणून द्या."

एसटीत बाईंनी डबा उघडला आणि पोळीभाजी माझ्यापुढे केली. मी म्हणालो, खाऊन आलोय. खाल्लं काही नव्हतं. त्यांनी डबा तसाच माझ्या बाजूला उघडा ठेवला आणि स्वतः खात राहिल्या. घोडेगाव मागे गेल्यावर तो झाकला. साहेबांना मी काय सांगितलं ते त्यांना कळलं होतं का, हे मला आजही माहीत नाही.

बाजारात मी नेहमीच्या मावशींसमोर जाऊन उभा राहिलो. दोन गोण्यांमागे बसायच्या, तंबाखूची चिमूट गालात. मला बघून त्या म्हणाल्या, "आलं का सरकार? लिवा. भाव त्योच हाय. मागल्या बाजारी सांगितला त्योच."

मी बाईंकडे वळून पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसत नव्हतं, पण कल्पना करू शकतो.

बाईंनी वही काढलीच नाही. त्यांनी पिशवीतून एक दुसरी, कापडी पिशवी काढली आणि तिचं तोंड पसरून धरलं. "मावशी, एक पायली घाला बाजरी."

"मागल्या बारीला तुमीच आलता न्हवं?"

"मीच. घाला."

मावशींनी पायली गोणीत खुपसली नाही. सुपातून बाजरी अलगद, पिसं ओतावीत तशी तिच्यात सोडली. "लाभ," त्या म्हणाल्या. आमच्याकडे माप मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग त्यांनी तळहात पायलीच्या काठावरून सरकन फिरवला. वर आलेले दाणे परत सुपात गेले.

"अहो, शीग कुठे गेली?" बाई म्हणाल्या.

"शीग गेलीया पाऊस आणाया."

आजूबाजूच्या दोघीतिघी हसल्या. बाईही हसल्या. "तो येईल तेव्हा येईल. तुम्ही हात काढा बरं, मावशी."

"हात काढला तर खाऊ काय म्या? माती?"

"मग भाव वाढवा की. हाताने कशाला घेता?"

"भाव वाढिवला की गिऱ्हाईक भांडतंय, बाई. शिव्या घालून पुढच्या गोणीवर जातंय. शीग काढली तर गप घिऊन जातंय. तुमीच एक बोलता." मग माझ्याकडे हनुवटी करून त्या म्हणाल्या, "हे सरकार आठ म्हैनं येतंय. एकदा सुदीक पिशवी पसरली न्हाई."

बाईंनी ती बाजरी समोरच्या किराणा दुकानात नेली. दुकानदाराने तराजूत ओतली, वजनं टाकली, एक काढलं, लहान टाकलं. तक्त्यात लिहिलं होतं त्यापेक्षा अर्ध्या किलोहून जास्त कमी भरली. बाईंनी वजन वहीत लिहिलं, पायलीचा भाव त्याने भागला. तक्ता त्यांनी बाहेर काढलाच नाही.

मी माझा तक्ता काढला. खाली बारीक अक्षरात छापलं होतं: मापे शिगेसह धरली आहेत. ही ओळ मी पहिल्याच दिवशी वाचली होती. त्यात सांगण्यासारखं काय आहे असंही वाटलं होतं. माप म्हणजे शिगेसहच.

कारण आमच्या घरी दुसरं काही मी पाहिलंच नव्हतं. आई खळ्यावर बलुत्याचं धान्य मोजायची तेव्हा पायलीवर दाण्यांचा डोंगर व्हायचा, इतका की दाणे चारी बाजूंनी घरंगळू लागले की मगच ती माप उचलायची. त्यावरून हात फिरवलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. आणि धान्य विकत घेणं हा प्रकार मला ठाऊक नव्हता. घरी होतो तोवर कणगीतलं खाल्लं, बोर्डिंगात बोर्डिंगचं, नगरला खानावळीतलं. अर्थशास्त्रात बी.ए. झालो होतो, पण एक पायली बाजरी मी कधी विकत घेतली नव्हती. मावशी लबाड होत्या असं मी म्हणणार नाही. भाव विचारला की भाव सांगायच्या. माप कसं आहे ते मी विचारलंच नाही.

परतीच्या एसटीत मी बाईंना विचारलं, "हे तुम्हाला कसं कळलं?"

"कळायचं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडे शेत कुठलं? दर आठवड्याला विकत. माझ्या सासूबाई तर भाव विचारायच्याच नाहीत आधी. नुसत्या उभ्या राहून माप घालणाऱ्याचा हात बघायच्या. मला वाटलं तुम्हीही वजन करूनच लिहिता. सगळेच करत असतील."

त्यांना हे काही विशेष वाटत नव्हतं, आणि तेच मला सहन होईना. माझ्यासारख्याने चार वर्षं दिव्याखाली बसून मिळवलेलं काही त्यांना लागलंच नव्हतं.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "हे बघा, एकदम उडी मारू नका. साहेब विचारतील, मग मागच्या महिन्यांचं काय? दर आठवड्याला थोडा थोडा चढवत न्या. महिन्याभरात भाव जागेवर येईल. मी काही बोलणार नाही."

"नको," मी म्हणालो.

"अहो, नोकरी तुम्हाला हवी, तशी मलाही हवी आहे. आमच्याकडे सध्या माझाच पगार येतो. पण तुमचे आकडे चुकले म्हणून माझी राहिली, असं नको मला."

कोणी दुसऱ्याने हे ऐकलं असतं तर त्याचे डोळे भरून आले असते. मला फक्त एवढंच दिसलं की चांगुलपणातही ह्या माझ्या पुढे आहेत. त्यांनी दिलेली सवलत घेऊन नोकरी टिकवायची आणि जन्मभर त्यांच्याकडे खाली मान घालून बघायचं, हे मला नको होतं. मी खरं लिहायचं ठरवलं. हेडमास्तरांना दिलेल्या शब्दाची आठवण मला त्या वेळी झाली नाही. ती मी नंतर करून घेतली.

खोलीवर जाऊन, खानावळीत जायच्या आधी, मी टिपण लिहिलं. नेवासे बाजारात पायलीचा भाव स्थिर दिसला तरी शीग देणे बंद झाल्याने व माप हलक्या हाताने भरले जात असल्याने प्रत्यक्ष भाव बराच वाढला आहे, माझे मागील आठ महिन्यांचे आकडे विश्वासार्ह नाहीत, यापुढे प्रत्येक वेळी खरेदी करून वजन करावे. पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं की ही गोष्ट बाईंनी दाखवून दिली. दुसऱ्या मसुद्यात मी ते वाक्य शेवटी नेलं. स्वच्छ प्रत केली तेव्हा ते त्यात नव्हतं. जागा उरली नव्हती असं म्हणता आलं असतं, पण पानावर चांगल्या चार ओळींची जागा रिकामी होती.

सकाळी साहेबांनी टिपण दोनदा वाचलं. बाई समोर बसल्या होत्या.

"शीग!" साहेब म्हणाले. "स्वतःचे आकडे स्वतः खोडलेत तुम्ही. धाडस लागतं. आणि हे तुमच्या लक्षात आलं कसं?"

मी बाईंकडे पाहिलं नाही. "घरी शेती आहे, साहेब. लहानपणापासून माप बघतोय."

साहेबांनी टेबलावर थाप मारली. "बघा बाई! शेतकऱ्याचं पोर. आपण जन्मभर तराजू बघितला. तुमचे आकडे बरोबर होते, पण ते का बरोबर होते ते ह्यांनी सांगितलं."

बाईंनी बशी टेबलावर ठेवली.

"हो ना," त्या म्हणाल्या. "त्यांनाच कळणार."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. त्या एवढ्या एका वाक्यावर मी पुढे कित्येक वर्षं विचार केला आहे. त्यांनी खरं सांगितलं असतं तर मी काय करणार होतो? पण त्या उठल्या आणि आपल्या टेबलाशी जाऊन फॉर्मला कार्बन लावू लागल्या.

मार्चमध्ये कागद आला. माझी जागा कायम झाली. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं होतं की उमेदवार पदवीधर असून ग्रामीण बाजारव्यवहाराची त्यास उत्तम जाण आहे. घरी पत्र गेलं, वडिलांनी ते गावात चार जणांकडून वाचून घेतलं, आईने देवापुढे साखर ठेवली. साहेबांचा मी ऋणी आहे आणि राहीन. त्या नोकरीवर माझ्या दोन्ही भावांची शिक्षणं झाली.

बाईंनी शेवटच्या दिवशी पारनेरचे सगळे फॉर्म महिनावार गाठोडी करून माझ्या स्वाधीन केले. कोणती बाई तळहात फिरवते, कोणती अंगठा मापाच्या आत ठेवते, कोणाचा तराजू खरा, सगळं तोंडी सांगितलं. मी लिहून घेतलं. निघताना म्हणाल्या, "पेढे राहिले हो तुमचे." मी म्हणालो, देतो. दिले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी पारनेरच्या बाजारात गेलो. पिशवी घेऊन गेलो होतो. पहिल्याच गोणीमागच्या बाईने माझ्यामागे मान लांब करून पाहिलं.

"बाई न्हाई आल्या आज?"

"बदली झाली त्यांची."

"कुठं?"

मला गाव सुचेना. "नेवाशाला," मी म्हणालो.

"आता गं बया! आन् माज्या पोरीचं लगीन ठरलंय. धा म्हैनं मागं लागली हुती माज्या, पोरगी शिकव, शिकव. सातवी झाली तवा कुठं गप बसली. लग्नाला यीन म्हनली हुती." तिने माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "तुमी हाफिसातलंच न्हवं? सांगा तिला. म्हनावं, यायाच पायजे."

नेवाशाच्या बाजारात मी आठ महिने गेलो होतो. तिथल्या मावशींना मुलं किती, हेही मला माहीत नव्हतं. माझी नोकरी होती, शेरा होता, पिशवी होती, आणि तरी त्या गोणीपुढे उभं राहून मला बाईंचा हेवा वाटला.

"सांगतो," मी म्हणालो. लग्नाची तारीख विचारून भावाखालीच वहीत लिहिली.

बाईंचं घर माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडे होतं. मी गेलो नाही.